इब्राहीमभाईंचा घरचा खेल

इब्राहीमभाईंच्या घरात कुणालाही एका फेरीत आत जाता यायचं न्हाई. तुम्ही दार ढकलून पाऊल टाकलं की समोर बाजेवर बसलेला हा माणूस दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायचा, एक डोळा मिटून त्यातून तुमच्याकडं बघायचा आणि मान हलवायचा. "न्हाई जमलं. फिरून या."

एकदा डाकवाला तार घेऊन आला. गरीब माणूस, पोटऱ्यांपर्यंत धुळीनं भरलेला. "इब्राहीमभाई, तार आलीय," एवढंच बोलला. तर हे म्हणतात, "तार आणणारा असा येतो का? तू तर कोथिंबीर आणल्यासारखा आला. जा, धापा टाकत ये." आणि डाकवाला खरंच कोपऱ्यापर्यंत गेला आणि धापा टाकत आला. तारेत काय होतं? परतूरचं मैदान मोकळं झालं, एवढंच.

मी शेजारीण. आमची भिंत एक, आड एक. मी मागच्या दारानं जायची तरी माझी सुटका नव्हती. वाटीत गरम पिठलं घेऊन गेले की हे अंगणातून ओरडायचे, "वहिनी, उंबऱ्यात जरा थांबा! एकदम आत आलं की पब्लिकला कळत न्हाई कोण आलं." मी म्हणायची, "इब्राहीमभाई, पब्लिक कुठंय इथं? ही एक बकरी बांधलीय तेवढी." तर म्हणायचे, "ती बी उठून जाईल." पिठलं गार व्हायचं ते व्हायचंच.

धंदा त्यांचा तंबूतल्या शिनेमाचा. पावसाळा सरला की आठ दिवस भोकरदनला खेळ, मंग दोन बैलगाड्यांवर तंबू, मशीन, विजेचं इंजिन आणि पेट्या लादायच्या आणि निघायचं. जालना, अंबड, मंठा, परतूर, जाफराबाद. जिथं बाजार मोठा तिथं मुक्काम. आठ महिने बाहेर, चार महिने भोकरदनला घरी. ते चार महिने आमच्या गल्लीला भारी जायचे. आठ महिने चादरीवर राजे-राण्या पळवणाऱ्या माणसाला चार महिने काम न्हाई, मंग तो आम्हालाच पळवायचा.

आडावर एकदा दोन बाया भांडून राह्यल्या होत्या. कळशीला कळशी लागली एवढंच निमित्त, पण चांगल्या सात पिढ्या निघाल्या होत्या. हे गेले आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "बाई, जरा इकडं उन्हात येऊन भांडता का? सावलीत तोंड दिसत न्हाई." दोघी बाया भांडण सोडून यांच्यावर तुटून पडल्या. तासाभरानं दोघी हातात हात घालून घरी गेल्या. इब्राहीमभाई मला म्हणाले, "बघा वहिनी, शेवट गोड झाला. पब्लिकला असाच लागतो."

पब्लिक, पब्लिक! या माणसाच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. माझ्या सासूबाई त्यांना आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगायला बसल्या आणि ते दुखणं गुडघ्यातून कमरेत, कमरेतून खांद्यात चढायला लागलं, तेव्हा हे हात जोडून म्हणाले, "अम्मा, गुडघ्यावरच ठेवा. लांबलं की पब्लिक उठून जाते." सासूबाईंनी त्यांच्याशी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी त्यांनीच हाक मारली, कारण त्यांचं दुखणं इतकं लक्ष देऊन दुसरं कुणी ऐकायचंच न्हाई.

आता या सगळ्या पसाऱ्यात एकच माणूस असं होतं की ज्यानं इब्राहीमभाईंचा एकही खेळ बघितला नव्हता. ती त्यांची बायको. हलीमाबी.

हलीमाबी म्हणजे सुपारीएवढी बाई, पण अडकित्त्यासारखी जीभ. पडदा कडक. नुसता बुरखा न्हाई, विचारानं कडक. लग्नाला अठरा वर्षं झाल्ती, मूलबाळ झालं न्हाई. तंबूत बायकांसाठी वेगळी कनात लावलेली असायची. भोकरदनच्या सगळ्या घरच्या बायका, पडद्यातल्यासुद्धा, तिथं बसून खेळ बघून यायच्या. मी तर एकेक पिच्चर तीनदा बघितलंय. पण हलीमाबी न्हाई म्हणजे न्हाई. मला वाटायचं धर्माचं काही असंल. एक दिवस पापड लाटता लाटता विचारलंच.

"तसं न्हाई गोदाबाई," त्या म्हणाल्या. "कनातीमागं मी बसीन. बाजूचे मर्द मला दिसणार न्हाईत, मी त्यांना दिसणार न्हाई. बराबर. पर वो चादर पे जो मर्द आते, उनकी आँखां नहीं क्या?"

मी हसायला लागले. "अहो, ते चित्र आहे!"

"चित्र असूं द्या. तो माणूस सरळ समोर बघतो की न्हाई? तुम्हीच सांगितलं मला, तो राजा असा डोळे मोठ्ठे करून बघतो की अंगावर काटा येतो. मंग? परका माणूस माझ्याकडं टक लावून बघून राह्यला आणि मी शेंगा खात बसू?"

इब्राहीमभाईंनी हे समजवायचा किती प्रयत्न केला असंल! दिवा आणून दाखवला, काच आणून दाखवली, फिल्मचा तुकडा हातात दिला. "ही नुसती रोशनी आहे हलीमा. सावली आहे." हलीमाबी म्हणाल्या, "सावली कुणाची? मर्दाचीच ना?" इब्राहीमभाई बाजेवर येऊन बसले आणि त्या दिवशी दोन माणसं एका फेरीत घरात शिरली तरी त्यांना कळलं न्हाई.

इतकी वर्षं हा वाद एखाद्या जुन्या खोकल्यासारखा चालू होता. त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते जालन्याला बोलका शिनेमा आला तेव्हा. पक्की इमारत, पंखे, आणि चादरीवरची माणसं बोलतात, गातात. दुसऱ्या वर्षी इब्राहीमभाई मंठ्याहून मुक्काम अर्ध्यावर सोडून परत आले. मुकी पिच्चरं बघायला कोण येतंय? ज्यांनी जालन्याला एकदा गाणं ऐकलं, ते तंबूत बसून ओरडायचे, "अरे, आवाज कुठंय?"

त्या पावसाळ्यात ते कुणाला फिरून या म्हणाले न्हाईत. भिंतीपलीकडून एका संध्याकाळी मला म्हणाले, "वहिनी, आता तंबू मोडायचा. मशीन भंगारात जाईल. मला त्याचं दुःख न्हाई, जमाना बदलतो. पण बघा, परतूरच्या कोतवालानं माझा खेल बघितला, भोकरदनच्या कुत्र्यांनी बघितला, आंधळा हाफिज बी येऊन बसला होता. आणि जिनं अठरा वर्षं माझे डबे बांधून दिले, तिनं न्हाई बघितला. मी काय करून राह्यलो होतो जिंदगीभर, हे तिला ठाऊकच न्हाई."

मला वाईट वाटलं. पण मला गप्प बसता येत न्हाई, म्हणून मी म्हणाले, "मंग असा खेळ दाखवा की ज्यात परका माणूसच न्हाई."

बोलायला मी बोलून गेले.  इब्राहीमभाईंनी भिंतीवरून माझ्याकडं चौकटीतून बघितलं. "वहिनी," म्हणाले, "तुमी मर्द असते तर मी तुमाला मॅनेजर केलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस बोटं मोजत फिरायला लागला. त्यांच्यात ज्या पुरुषाशी बाईचं लग्न कधी होऊच शकत न्हाई, त्याच्यापुढं पडदा नसतो. बाप, भाऊ, चुलता, मामा, असे. दीर चालत न्हाई, आतेभाऊ चालत न्हाई, बहिणीचा नवरा तर बिलकुल न्हाई. हलीमाबींचा मामा मेलेला, चुलता नव्हताच. राह्यले किती? हसनाबादला म्हातारा बाप आणि एक भाऊ, गफूर.

"दोन माणसांत कसला खेल होतो?" इब्राहीमभाई डोकं धरून बसले. "एक बोलंल, एक ऐकंल. पब्लिक उठून जाईल."

"तिसरा आहे की," मी म्हणाले. माझं माहेर हसनाबादचंच, म्हणून मला माहीत. "महादू! आमच्या गल्लीतला. त्याची आई बाळंतपणात गेली तेव्हा हलीमाबी पाळण्यात होत्या. त्यांच्या आईनं एका मांडीवर हिला आणि एका मांडीवर महादूला घेऊन पाजलं. तो दूधभाऊ झाला की न्हाई?"

हा दूधभाऊ चालतो. सख्ख्या भावाइतका चालतो. इब्राहीमभाईंनी आनंदानं आमच्या मास्तरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कडकडून मिठी मारली. मास्तर तेव्हा मुलांच्या वह्या तपासत होते. त्यांना शेवटपर्यंत कळलं न्हाई काय झालं ते.

औरंगाबादच्या एका फोटोवाल्याकडं फिल्म काढायचा एक जुना हातानं फिरवायचा कॅमेरा धूळ खात पडला होता. इब्राहीमभाईंनी तंबूतली सगळी बाकं त्याला दिली आणि कॅमेरा आणला, वर एक डबा कोरी फिल्म. बाकं गेली म्हणजे तंबू मोडलाच म्हणायचा. हलीमाबींना सांगितलं, "दुरुस्तीला मशीन घेऊन जातो." आणि एक दिवस आम्ही बैलगाडीनं हसनाबादला निघालो. मी माहेरी जायच्या नावाखाली, मास्तर मला पोचवायच्या नावाखाली.

आता खरी अडचण पुढं होती. हलीमाबींचे वडील म्हणजे मौलवीचाचा. सगळं हसनाबाद त्यांना मसले विचारायला यायचं, म्हणजे हे चालतं का, ते चालत न्हाई का, असले प्रश्न. त्यांनी उभ्या जन्मात स्वतःची तस्वीर काढू दिली नव्हती. जावयाच्या धंद्याचं नावसुद्धा ते घ्यायचे न्हाईत. कुणी विचारलं की सांगायचे, "दामाद तंबू लगाते." लोकांना वाटायचं फौजेत आहे.

इब्राहीमभाईंनी मोठ्या शहाणपणानं मसला विचारला. "अब्बा, एक औरत आडात वाकून बघते. पाण्यात परक्या मर्दाचं तोंड दिसलं, तर तिनं पडदा करावा का?"

मौलवीचाचांचे डोळे चमकले. असा प्रश्न त्यांना चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ते दोन दिवस किताबी चाळत बसले, जेवायला उठेनात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मर्द आडाच्या काठावर उभा आहे की नुसता पाण्यात?"

"नुसता पाण्यात, अब्बा."

"नुसता पाण्यात कसा असंल? खरं बोल इब्राहीम मियाँ, भानगड काय आहे?"

मंग इब्राहीमभाईंनी खरं ते सगळं सांगितलं. मौलवीचाचांनी किताब मिटली. मी ओट्याखाली उभी होते. मला वाटलं, आता हाकलतात. त्यांनी एवढंच विचारलं, "हलीमा बघंल का?"

"तुमी असले तर बघंल."

"मंग ऐक. तस्वीर काढायचा गुनाह तुझा. मी माझ्या अंगणात बसलेलो आहे. तू माझ्यासमोर काय फिरवतो, मला ठाऊक न्हाई. पर एक शर्त. झूट नहीं करूँगा."

या झूट नहीं करूँगानं इब्राहीमभाईंचा जीव खाल्ला. त्यांनी गोष्ट रचली होती साधी, घरातली. राजा न्हाई, तलवार न्हाई. पोरगा घर सोडून गेलेला, तो ईदच्या दिवशी परत येतो, बाप रागानं दार उघडत न्हाई, शेजारी मध्ये पडतो, बाप विरघळतो, सगळे शीरखुर्मा खातात. आईच्या जागी कुणीच न्हाई, कारण फिल्म धुवायला मुंबईला जाणार, तिथं परके लोक ती बघणार, आणि घरातल्या बायका कशाला तयार होताहेत? मंग ठरलं की आई पडद्याआड आहे असं दाखवायचं आणि पडद्यातून नुसता एक हात शीरखुर्म्याचं ताट बाहेर सरकवतो. तो हात माझा! माझा हात बघून मुंबईचा माणूस काय करणार? भाकरी थापून खरबडीत झालेला.

मास्तरांच्या हातात पितळेची मोठी परात दिली. ऊन त्या परातीवर घेऊन चाचांच्या तोंडावर पाडायचं. मास्तर दोन तास परात धरून उभे, जसं काही वरात आलीय आणि आहेर घ्यायचाय.

इब्राहीमभाई कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला लागले. आधी अंगणात बसलेले चाचा घेतले, मंग ते घरात जाऊन बसले आणि गफूरनं अंगणातून कडी वाजवली. मौलवीचाचा उठले, दार उघडलं आणि म्हणाले, "आजा बेटा, रोटी खाया?"

खेळ खलास.

"अब्बा!" इब्राहीमभाई रडकुंडीला आले. "तुमी रागात आहेत! तो घर सोडून गेल्ता!"

"कुठं गेल्ता? सकाळपासून घरात आहे. आणि मी त्याच्यावर नाराज न्हाई. नसलेला राग कुठून आणू? वो झूट होता."

कोऱ्या फिल्मचा एक डबा, त्यातला पाव गेला. गफूर तर वेगळंच प्रकरण. कुणी त्याच्याकडं बघितलं की त्याला हसू यायचं, आणि कॅमेरा तर काय, एकटक बघत होता. महादू शेताचं काम टाकून आल्ता, तो सारखा म्हणायचा, "दाजी, जल्दी करा, बैल बांधून आलोय."

शेवटी इब्राहीमभाईंनी गफूरला बाजूला घेतलं. काय कानात बोलले ते आम्हाला ऐकू आलं न्हाई. गफूरचं तोंड पांढरं पडलं, हसू पार गेलं. "नक्को दुल्हेभाई," तो म्हणत होता, "मार डालेंगे."

पुन्हा कडी वाजली. पुन्हा मौलवीचाचांनी दार उघडलं. "आजा बेटा." आणि गफूर उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "अब्बा, रमजानमध्ये तीन दिवस माझं पोट बिलकुल दुखत नव्हतं. मी रोजे सोडले आणि मळ्यात बसून पेरू खाल्ले."

अरे देवा! म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते कुठल्या राजाला जमलं नसतं. पायातला जोडा काढला आणि फेकला. गफूर वाकला, जोडा मास्तरांच्या परातीवर असा आदळला की घंटा वाजल्यासारखी वाजली. चाचांनी दार लावून घेतलं. इब्राहीमभाई हँडल फिरवत ओरडत होते, "वाह अब्बा! वाह!" चाचांचं लक्षच नव्हतं.

पण राग खरा, म्हणजे समजूतही खरीच लागणार. ती दोन तास पटेना. कॅमेरा थांबवून सगळे अंगणात बसलो. महादूनं बैलांचा विचार सोडला आणि दाराशी जाऊन बसला. आतल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "अब्बा, पेरूच्या मळ्यात मीच नेल्तं त्याला. जोडा मला बी मारा." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. इब्राहीमभाईंनी हळूच हँडल धरलं. थोड्या वेळानं कडी निघाली, चाचा बाहेर आले. एका हातानं गफूरचा कान धरला, एका हातानं महादूचा, आणि दोघांना तसंच आत नेलं. कान धरूनच जेवायला बसवलं. मी मागच्या दारानं पळत पडद्याआड गेले, पडद्यातून माझा हात निघाला, ताट सरकलं. ताटातला शीरखुर्मा खरा होता.

फिल्म मुंबईहून धुवून यायला महिना लागला. त्या महिन्यात इब्राहीमभाई रोज डाकघरात जायचे. डाकवाला त्यांना लांबूनच धापा टाकून दाखवायचा, त्यांना राग बी येत नव्हता.

डबा आला त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर आतल्या खोलीला कांबळी लावून अंधार केला. भिंतीवर चादर ताणली. इंजिन गल्लीत फकफक करत होतं, सगळी गल्ली बाहेर गोळा झाल्ती, पण आत कुणालाच परवानगी न्हाई. खोलीत आम्ही तिघंच. हलीमाबी सतरंजीवर, शेजारी मी, आणि मागं मशीनपाशी इब्राहीमभाई.

"कौन कौन है?" हलीमाबींनी आधी विचारलं.

"अब्बा, गफूर, महादू. खुदाची कसम."

"और कोई नहीं?"

"कोई नहीं."

तरी त्यांनी पदर डोळ्यांपर्यंत ओढूनच घेतला. मशीन फिरायला लागलं. चादर उजळली, हलली, आणि मौलवीचाचा अंगणात बसलेले दिसले. हलीमाबी ताडकन उठून उभ्या राह्यल्या. "सलाम अब्बा," त्या चादरीला म्हणाल्या. मंग माझ्याकडं वळून हळूच, "दुबले हो गए, ना?"

पदर कधी खाली आला त्यांना कळलंच न्हाई. जोडा उडाला तेव्हा असल्या हसल्या की बसवेना. "गफूर्‍या! पेरू!" म्हणाल्या, म्हणजे त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.  पडद्यातून हात निघाला तर लगेच म्हणाल्या, "गोदाबाई, हा चुडा तुमचा! हिरवा! आमच्या घरात ईदला हिरवा चुडा घालून कोण ताट देतं?" मी म्हणाले, "गप बसा, मुंबईच्या लोकांना काय कळतंय?"

दहा-बारा मिनिटांत संपलं. "दुबारा," हलीमाबी म्हणाल्या. इब्राहीमभाईंनी फिल्म परत गुंडाळली, दुबारा लावली. या वेळी त्या पुढं सरकून बसल्या. हसल्या न्हाईत. मान इकडून तिकडं हलवून काहीतरी शोधल्यासारखं बघत राह्यल्या. अंगणाचे कोपरे, दारामागं, महादूच्या पाठीमागं.

संपलं तेव्हा त्यांनी मागं वळून विचारलं, "आणि तुमी कुठंयत?"

"मी?" इब्राहीमभाई म्हणाले. "मी तर मशीन फिरवत होतो ना, हलीमा."

"सगळे आहेत. माझा बाप आहे, भाऊ आहेत. गोदाबाईचा हात बी आहे. मी पैल्यापासून वाट बघून राह्यले, की आता तुमी येताल, मंग येताल." मंग म्हणाल्या, "आठ महिने इथं बसून मी तेच करते. मला वाटलं, पिच्चरमध्ये तरी दिसताल."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. नुसतं सांगितलं.   अंधारात मला इब्राहीमभाईंचं तोंड दिसत नव्हतं, पण नाक ओढल्याचा आवाज आला. मंग त्यांनी पुन्हा फिल्म गुंडाळली, लावली आणि मला हाक मारली.

"वहिनी, जातं फिरवता ना तुमी? तशाच हातानं हे हँडल फिरवायचं. जल्दी न्हाई, हळू न्हाई. थांबायचं बिलकुल न्हाई, थांबलं की फिल्म जळते."

मी उठून मशीनपाशी गेले. ते सतरंजीवर गेले, हलीमाबींच्या शेजारी, आणि मांडी घालून बसले. त्या वेळी मला कळलं की या माणसानं इतकी वर्षं खेळ दाखवले, पण कुणाच्या शेजारी बसून एकही बघितला नव्हता. कसं बसायचं तेच त्यांना कळेना. हात कुठं ठेवावेत कळेना. हलीमाबींनी त्यांचा एक हात आपल्या मांडीवर घेतला.

"अब देखो," त्या त्यांना सांगायला लागल्या, जसं काही त्यांनी हे कधी बघितलंच न्हाई. "हे माझे अब्बा. आता गफूर येईल. आता जोडा मारतेत, बघा."

"असं का?" इब्राहीमभाई म्हणाले.

"हौ. पर घाबरू नका. नंतर सगळे जेवायला बसतेत."

मला रडू येत होतं, आणि दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसायची सोय न्हाई. चादरीवर कान धरून पोरं आत गेली, माझा हात आला, ताट सरकलं, आणि फिल्म संपून तिचं शेपूट चाकावर फटफट वाजायला लागलं. चादर नुसती पांढरी झाली.

"झालं?" हलीमाबींनी विचारलं.

"झालं," इब्राहीमभाई म्हणाले.

दोघांपैकी कुणी उठलं न्हाई. माझा दंड भरून आल्ता. आता थांबलं तरी चालंल की न्हाई, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या दोघांच्या पाठी बघून मला विचारवेना. मी आपली हँडल फिरवत राह्यले.